दोन कुलपांची खोली

"बाई, किल्ली माझ्याकडे आहे... म्हणजे आजपासून माझ्याकडे आहे!"

धापा टाकत आलेल्या त्या माणसाला मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्यामागे अठरा मुलं दप्तरं सावरत उभी होती आणि माझा पारा चांगलाच चढला होता.

"शाळा चारला सुटते. साडेचार वाजलेत."

"बस बंद पडली होती."

"मग दुसऱ्या बसने यायचं."

"बसने नव्हतो येत. ती दुरुस्त करत होतो!"

मुलं खिदळली. त्यातली एक छोटी 'मामा, मामा' करत त्याला बिलगली आणि दोन दिवसांत तो सगळ्या शाळेचा मामा झाला. फक्त मी त्याला तसं कधी म्हटलं नाही. मला ते नातं पहिल्यापासूनच पसंत नव्हतं!

आवारातली ती खोली वस्तीतल्या पालकांनी स्वतः राबून बांधली होती. शाळा म्हणे जागा आमची, वस्ती म्हणे भिंती आमच्या. शेवटी दाराला दोन कुलपं लागली. एकाची किल्ली शाळेतर्फे माझ्याकडे, दुसऱ्याची वस्तीतर्फे आता त्याच्याकडे. ज्यांचे आईवडील साडेसहापर्यंत कामावर असत, ती मुलं तिथे अभ्यासाला बसत. पण आम्ही दोघं आल्याशिवाय दार उघडत नसे.

"आधी तुमचं कुलूप की माझं?" तो रोज विचारायचा.

"माझं. तुमचं गंजलंय."

"गंजलं नाही हो... लाजतंय."

मी हसू दाबत दुसरीकडे बघायची. त्याची बोटं ग्रीसने काळी असायची, पण किल्ली तो रुमालात गुंडाळून आणायचा. तो गणितं घ्यायचा, मी वाचन. संध्याकाळी मुलं गेली, की दार लावायला दोन मिनिटं पुरायला हवी होती. आम्हाला वीस लागायची.

एकदा मात्र त्याला तासभर उशीर झाला. बाहेर भुरभुर पाऊस, मुलं पायरीवर आखडून बसलेली... आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो त्याचा. याला काही झालं तर नसेल? नंतर माझी मलाच लाज वाटली.

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या समितीची बैठक झाली. समितीत निम्मे शिक्षक, निम्मे पालक; किल्लीमुळे या वेळी त्यालाही बोलावलं होतं. सगळे गोल बसायचे आणि सगळ्यात कमी बोलणाऱ्याने आधी बोलायचं, असा मोठ्या बाईंचा नवाच नियम. त्या दिवशी लाँड्रीत काम करणाऱ्या मावशींची पाळी आली. वर्षभरात त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"ज्यांची आई घरी असते, ती पोरं घरी जातात," त्या म्हणाल्या. "पायरीवर भिजतात ती आमचीच. एकच कुलूप ठेवा. शाळेतल्या आणि वस्तीतल्या पाच जणांना किल्ली द्या, एकेक वार वाटून घ्या."

मावशींचं शंभर टक्के खरं होतं. आणि त्याबरोबर माझी रोजची संध्याकाळ जाणार होती. तरी मी हात वर केला.

"मला पटलं. माझं कुलूप मी काढते."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो बोटांवरचं ग्रीस खरवडत म्हणाला, "मला... एक दिवस द्या विचाराला."

माझं डोकंच फिरलं. चहाला उठल्यावर मी त्याला व्हरांड्यात गाठलं.

"मुलं पावसात बसतात, आणि तुम्हाला वस्तीचा मान मोठा वाटतो?"

"मान कसला हो!"

"मग विचार कसला करायचाय?"

तो खाली बघत राहिला. "पाचातला एकच वार मिळणार मला. तुमचा वेगळा असणार... म्हणजे मग आपण..." तो थांबला. "चुकलंच माझं. पोरांपेक्षा स्वतःचं बघितलं."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. काळीज असं धडधडायला लागलं, की त्याला ऐकू जाईल असं वाटलं.

"मीही बघितलं," मी हळूच म्हणाले. "हात वर करताना जिवावर आलं होतं माझ्या."

त्याने मान वर केली. कान लाल झालेले! मग तो तडक आत गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मावशी म्हणतात तसंच करू. आजच."

मावशींनी स्वतःसाठी बुधवार मागून घेतला. मोठ्या बाईंनी फळ्यावर वार लिहिले. मला सोमवार मिळाला, त्याला गुरुवार. मुलांचं भलं झालं होतं, मन भरून आलं होतं, तरी फळ्यावरचं ते अंतर माझ्या डोळ्यांत खुपत होतं.

बैठक संपल्यावर तो फाटकापाशी रेंगाळत होता.

"सोमवारी साडेसहाला मी इथे आलो तर चालेल?"

"काही काम आहे?"

"नाही," तो म्हणाला. "काहीच काम नाही."

इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच बिनकामाचा येणार होता... फक्त माझ्यासाठी.

"मग नक्की या," मी म्हणाले. "आणि उशीर करू नका."