कुसाबाईंच्या शेजारची चौकट

गळ्यात माळ आहे माझ्या. खोटं लिहून मला काय मिळणार? जे डोळ्यांनी पाहिलं, तेच सांगते.

गेल्या माघात सायखेड्याला धोंडीरामभाऊंचं वर्षश्राद्ध होतं. त्यानिमित्त सकाळचं कीर्तन. रात्र नाही, अंधार नाही, लख्ख ऊन होतं.

माझी भाची हर्षाली नाशिकहून फोटो काढायला निघाली. तिची पहिलीच ऑर्डर. कीर्तन म्हटल्यावर मीही गाडीत बसले.

"माझ्या कॅमेऱ्याचे फोटो धूसर येतात गं मावशी," म्हणत तिने चांगला कॅमेरा न् लेन्स भाड्याने आणली होती.

भाऊंच्या पत्नी कुसाबाईंनी आल्या आल्या तिचा हात धरला.

"पोरी, माझा एक चांगला फोटो काढ. मालकांच्या शेजारी लावाया. मी गेल्यावर पोरं कुठं हुडकत बसतील?"

"आजी, हिरॉईन करते तुमची!"

"दात नाय राहिले, म्हणं हिरॉईन!"

कीर्तन रंगलं. पखवाज असा घुमला, की मी टाळ्या वाजवत डोलायलाच लागले...

हर्षालीने मला कोपराने ढोसलं.

कॅमेरा ज्या चेहऱ्यावर नेम धरतो, त्याभोवती पडद्यावर हिरवी चौकट येते. ती कुसाबाईंवर येईना. सारखी भाऊंच्या हार घातलेल्या फोटोवर जायची.

"फोटोतला चेहरा पकडतोय," हर्षाली म्हणाली. घरच्यांना विचारून तिने फोटोवर उपरणं टाकलं.

चौकट विझली.

मग पुन्हा उमटली...

कुसाबाईंच्या शेजारी. रिकाम्या सतरंजीवर. बसलेल्या माणसाचं तोंड असतं, तेवढ्या उंचीवर.

तिने लेन्स बदलली. स्टँड लावला. उपरणं काढलं. हाताने फोकस केला. शेवटी स्वतःचा जुना कॅमेराही काढला.

प्रत्येक फोटोत कुसाबाई धुरासारख्या. शेजारच्या सतरंजीचा मात्र धागा न् धागा स्पष्ट.

"आला का गं चांगला?"

"आला, आजी."

पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

पंधरवड्यात कुसाबाई गेल्या.

मुलाचा फोन आला. "ताई, आईचा एखादा तरी साफ फोटो बघा ना..."

नव्हता. आज त्या घरात भाऊंच्या शेजारी तोच धूसर फोटो आहे.

इथेच थांबले असते. पण परवा हर्षाली स्वतःचा नवा कॅमेरा घेऊन घरी आली.

"पहिला फोटो मावशीचा!"

मी सोफ्यावर माळ ओढत बसले होते. तिने कॅमेरा डोळ्याला लावला... आणि खाली घेतला.

"काय गं?"

"काही नाही. तू जरा... मधे सरकून बस ना."

मी सरकले नाही. तिने तसाच फोटो काढला.

शेजारची जागा ह्यांची. हे जाऊन तीन वर्षं झाली.

फोटो मी अजून मागितलेला नाही. तोंडाने नाम चालू आहे, पण नजर सारखी शेजारी जाते...