चूल सांगायची

आमच्या शाळेच्या उर्दू भूगोलात आतिशफिशां पहाडाचं, म्हणजे ज्वालामुखीचं, चित्र होतं. वर धूर, खाली आगीचे ओघळ. मोठेपणी जहाजात बसून तसा पहाड बघायला जायचं, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात जालन्याच्या दवाखान्यात कंपाउंडर झालो आणि निजामाच्या हद्दीबाहेर पाऊलसुद्धा पडलं नाही. लोकांना सांगायचो, ही आपली काळी जमीन म्हणजे थिजलेली आगच आहे. लोक म्हणायचे, बायको गेल्यापासून शिवनारायणला काहीबाही सुचतं.

प्रेमबाई तापात गेली, त्याला वर्ष झालं होतं. घरची चूल तेव्हापासून थंड होती. मी खानावळीत जेवायचो.

जाफराबादकडचा पुंजाराम मलमपट्टीला यायचा. त्यांच्या माळावरचा एक खडक ऐन थंडीत गरम लागतो, असं तो एकदा सहज बोलून गेला. मला चैन पडेना. पौषात रजा टाकली, थर्मामीटर खिशात घातलं आणि मोटारीनं निघालो.

पुंजारामची म्हातारी आई, चतुराबाई, मला दुपारी माळावर घेऊन गेली. काळे दगड, वाळलेलं गवत, भरून आलेलं आभाळ. खडक बसलेल्या म्हशीएवढा होता. मी हात पुढं केला.

"थांबा. आधी चूल सांगा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"घरी चूल कोनी पेटवून ठिवलीय, तिचं नाव घ्यायचं. ह्या खडकाला सोताची ऊब न्हाई, डाक्टर. तो घरच्या चुलीची घेतो. म्हून मानूस इकडं आलं की घरची बाई चूल इझू देत न्हाई."

"आणि चूल पेटलेलीच नसली तर?"

"मंग हात लावायचा न्हाई. बिलकुल."

इतक्या लांब येऊन परत फिरायचं? असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. शिवाय ते नाव मला मोठ्यानं घ्यायचं होतं. वर्षभरात कुणी विचारलंच नव्हतं.

"प्रेमबाई," मी म्हणालो.

खडक गारच होता. मग तळव्याखाली हळूहळू ऊब आली. थर्मामीटर टेकवलं, तर पारा चढत चढत निरोगी माणसाच्या खुणेवर येऊन थांबला. मला रडू आलं. लहानपणापासूनची आग शेवटी भेटली होती.

उतरताना हुडहुडी भरली. आधाराला म्हणून चतुराबाईनं माझा हात धरला आणि बर्फ लागल्यासारखा पटकन सोडला.

"चूल पेटतीय ना बराबर?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली.

"मंग जल्दी घरी जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो. शेजारच्या द्वारकाबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"भाऊ, पाव्हनी कोन आलीय? काल दुपारपासून धूर निघून राह्यलाय."

दाराला माझं कुलूप तसंच होतं.

आत चूल पेटली होती. एक ताट वाढलेलं होतं. फुलक्यातून वाफ निघत होती.

"प्रेम?"

मी पुढं झालो.

चुलीपुढं तिचा पाट होता. हात लावून पाहिला. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा ऊबदार. थर्मामीटर झटकून टेकवलं. पारा त्याच खुणेवर थांबला.

मी पुन्हा झटकून पारा तळाशी आणला आणि ते स्वतःच्या जिभेखाली धरलं. ताटातला फुलका निवेपर्यंत धरून बसलो.

पारा जागचा हलला नाही.