काढता पाय

पत्रिका जुळली, छत्तीसपैकी सत्तावीस गुण आले, मुलाला मुलगी आणि मुलीला मुलगा पसंत पडला, तरी बार्शीच्या ओवी ढगेचं लग्न ठरलं असं अजून कुणी म्हणत नव्हतं. जंतवाचन यायचं होतं. त्या काळात त्याशिवाय कुठलंच स्थळ पुढे सरकत नसे.

मागच्या पिढ्या हे ऐकून नाक मुरडतील. पण त्यांनीच तर औषधं घेऊन पोटातले जंत साफ केले होते. जंत गेले आणि शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला काही काम उरलं नाही. मग ती घरच्यांवरच हात उगारू लागली. कुणाला दमा, कुणाचे सांधे, कुणाची आतडी. शेवटी शास्त्रज्ञांनी एक निरुपद्रवी जंत घडवला आणि त्याला 'सोबती' असं गोड नाव दिलं. पाचव्या वर्षी शाळेतच त्याची गोळी मिळे. सोबती जन्मभर आतड्यात राही आणि ही व्यवस्था ताळ्यावर ठेवी. शौचाचा नमुना डबीतून जंतवाचन केंद्रावर दिला, की त्यातल्या अंशांवरून सोबतीचं कसं काय चाललंय ते वाचता येई. वरपक्षालाही हल्ली हेच वाचन हवं असे. लग्नाआधी माणसं एकमेकांना काय काय दाखवतील याला काही धरबंध उरला नव्हता.

ओवीची आई मंजिरी ब्लाउज शिवायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, घरात या दोघीच. ओवी नुकतीच टायफॉइडमधून उठली होती, आणि तापानंतर दोन-तीन महिने सोबतीचं वाचन अस्थिर येतं हे मंजिरीनं ऐकलं होतं. मुलाकडची लातूरची माणसं फार चिकित्सक. तेव्हा तिनं एक गोष्ट केली. ओवीच्या नावाच्या डबीत स्वतःचा नमुना भरला. तिचा सोबती अगदी नाकासमोर चालणारा, पंचेचाळीस वर्षांत कधी तक्रार नाही. मुलीच्या लग्नासाठी आई काय काय देते, त्यात हे एक जास्तीचं, असं तिचं तिलाच हसू आलं होतं. ओवीला यातलं काही माहीत नव्हतं.

चार दिवसांनी ओवीच्या फोनवर केंद्राचा निरोप आला, 'समक्ष भेटा.' मंजिरीला वाटलं, चोरी पकडली गेली. वाटेत तिनं माफीची वाक्यं जुळवली.

केंद्रावरचे डॉ. कलशेट्टी ओरडले नाहीत. त्यांनी दोघींना पाणी दिलं.

"ताई, तुमच्या घरात भांडी किती?"

"असतील शंभरेक. का हो?"

"आणि रोज गॅसवर चढतात चार-पाच. कुठलं भांडं चढलं त्यावरून घरात काय चाललंय ते शेजारणीलाही कळतं. सोबतीच्या प्रत्येक पेशीत अठरा हजार जनुकं आहेत, पण एका वेळी चालू असतात थोडीच. कुठली चालू, कुठली बंद, एवढंच आम्ही वाचतो."

"मग काही बिघडलंय का त्याचं?"

"त्याचं नाही." डॉक्टरांनी ओवीकडे पाहिलं. "चाळीस जनुकं तो जन्मभर बंद ठेवतो. ज्याच्या पोटात राहतो ते माणूस आता फार दिवसांचं नाही असं त्याला जाणवलं, तरच ती चालू होतात. मग तो भराभर अंडी घालतो, दुसरं घर शोधायच्या तयारीला लागतो. आम्ही त्याला 'काढता पाय' म्हणतो."

पाय नसलेल्या जीवाला असलं नाव देऊन शास्त्रज्ञ कधीतरी हसले असतील. त्या खोलीत कुणी हसलं नाही.

"माझी चालू आहेत?" ओवीनं विचारलं.

"सगळी. आम्ही तीनदा वाचलं."

"पण मला काहीच होत नाहीये."

"सगळ्यांचं असंच असतं. तपासण्या करू, बहुतेक सगळ्या चांगल्या येतील. त्याला कशावरून कळतं ते आम्हाला अजून सापडलेलं नाही. त्यामुळे उपचार कशावर करायचा तेही माहीत नाही. सात-आठ महिने मिळतात."

"त्या जंतालाच मारलं तर?"

"तापमापक फोडून ताप उतरत नाही, बाळ."

ओवीनं आईचा हात धरला. मंजिरीला मात्र आतून हलकं हलकं वाटत होतं. पोर वाचली, एवढंच तिला कळत होतं. स्वतःच्या मरणाचं भय अजून तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. गप्प बसावं का, असं एकदा तिच्या मनात आलं. पण मग ओवी रोज मरत राहिली असती.

"डॉक्टर, तो नमुना हिचा नाही," ती म्हणाली. "माझा आहे. मी डबी बदलली. हिच्या तापामुळे वाचन बिघडेल म्हणून."

ओवीचा जीव भांड्यात पडला. तो पडताना मंजिरीला दिसला. लेकीच्या गालांवर रंग परत आला, छाती भरून श्वास आला, ओठांच्या कडा वर गेल्या. ती हसली. दोन क्षण, फार तर तीन. मग आपण कशावर हसलो ते तिला कळलं आणि तिनं आईच्या हातातून हात काढून तोंड झाकलं.

"अगं, मलाही तसंच वाटलं," मंजिरी म्हणाली. "आनंदच झाला मला. खरंच सांगते. वेडे, इकडे बघ."

ओवीनं बघितलं नाही. डॉक्टर तिच्यासाठी नवी डबी शोधत उगाच कपाट उघडत-मिटत राहिले.

तिचं वाचन चांगलं आलं. लग्न झालं. दर पंधरा दिवसांनी ओवी लातूरहून माहेरी यायची, आईचे पाय चेपायची, हवं-नको पाहायची, कशात म्हणून कमी पडली नाही. मंजिरी तिला समजावून दमली. उरलेल्या सात महिन्यांत लेकीनं तिच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही.