एदिलच्या नावाची हाक

गोष्ट नेरिदाची. माझ्या चुलतबहिणीची लेक, आयाकुचो शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरात राहते. तेव्हा मध्येच हसायचं नाही, सांगून ठेवतो.

गेल्या साली, ऑगस्टची चौदा तारीख, गुरुवार. आईनं तिला एदिलच्या सूपासाठी कोंबडी आणायला खाली गावात धाडलं होतं. एदिल तिचा भाऊ, सात वर्षांचा. मे महिन्यात घळीत पडला, दचकला आणि त्याचा जीव अंगातून सुटून तिथंच राहिला. तेव्हापासून खाणं नाही, बोलणं नाही. पोरगं काडीसारखं झालेलं.

त्याचा धर्मबाप, पाद्रिनो फोर्तुनातो, रीतीप्रमाणे जीव परत बोलवायला घळीवर गेला होता. पोराचा स्वेटर हातात धरून, नाव घेत घरापर्यंत यायचं. कुणीही मागे वळायचं नाही. वळलं की जीव बिचकतो, वाटेतच बसतो. नेरिदा पुढे चालत होती, फोर्तुनातो मागून. पोरगं बरं झालं नाही. म्हातारा म्हणाला, "हिनं मागे बघितलं." झालं. तीन महिने आई तिच्याशी धड बोलली नाही. शेवटी नेरिदालाच वाटायला लागलं, बघितलं असेल आपण.

कोंबडी काखेत घेऊन ती परत निघाली, तर सभागृहाच्या दारात फोर्तुनातो टाय लावून उभा.

"चल आत. लिमा शहरातल्या पोरांचा सिनेमा आहे. तुमचा पाद्रिनो पडद्यावर दिसणार."

"एदिल वाट बघतोय."

"दीड तासात मरत नाही तो."

सिनेमा भूत उतरवण्याचा. म्हणे जंगलात सापडलेली खरी चित्रफीत. कॅमेरा इतका हलत होता की बायकांना मळमळलं. अंगात आलेली बाई मसुराची आमटी ओकत होती. पाद्र्याची दाढी एका बाजूनं सुटलेली.

"फादर, आधी डिंक लावा, मग भूत काढा," मागून कुणीतरी म्हणालं. शिट्ट्या झाल्या.

मग पडद्यावर घळ आली.

ओळखीची पायवाट. लांब पुढे पाठमोरी नेरिदा. मागे फोर्तुनातो, हातात एदिलचा स्वेटर. "एदिल, चल. एदिल, राहू नकोस." खाली अक्षरं: चेटक्या सैतानाला बोलावतो आहे. लोक हसले. वळणावर फोर्तुनातो थांबला. मागे वळला. थेट कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "नीट आलं का? परत करू?"

त्याच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये वाटेवर काहीतरी लहानसं चालत होतं. ते थांबलं. खाली बसलं.

लोक हसतच होते.

बाहेर तिनं त्याला गाठलं.

"तुम्ही वळलात, पाद्रिनो."

"तेवढं कापणार होते. शब्द दिला होता मला."

"स्वेटर त्याचा. नाव त्याचं. तेही सिनेमासाठी."

"खोट्या नावानं हाक निघते का तोंडातून?"

"आणि आईला सांगितलंत, मी वळले."

त्यानं टाय सैल केला. मग म्हणाला, "माझं नाव गेलं असतं, पोरी. तू तरुण आहेस. तुला काय फरक पडतो?"

आमची पिढी ही अशी. आपलं नाव राहावं म्हणून तुमचा जीव टांगणीला लावायचा आणि वर डोक्यावर हात ठेवायचा. त्यानं ठेवलाही. तिनं तो झटकला आणि निघाली.

रात्री साडेदहाला घळीच्या त्या वळणावर पोचली. चंद्र डोंगराआड. गळ्यात एदिलचा मफलर होता, तो हातात घेतला.

"एदिल... चल."

काही नाही.

"एदिल. मी आहे."

...

काखेतली कोंबडी एकदम गप्प झाली. मागे पाऊल वाजलं. लहान. अनवाणी.

ती चालू लागली, नाव घेत. ती थांबली की ते थांबे. मान ताठून दुखायला लागली. वळली नाही. पुलाशी मागून कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "ताई..."

वळली नाही.

घर. मफलर पोराच्या छातीवर ठेवला आणि दार उघडं सोडलं. जीव आपापला आत येतो. आईनं उंबऱ्यापासून पलंगापर्यंत चुलीतली राख पसरली, जीव आला का ते सकाळी कळावं म्हणून.

पहाटे एदिलनं डोळे उघडले. म्हणाला, "भूक."

आई रडली. नेरिदाचा हात धरून म्हणाली, "बाळा, चुकले मी." मग दोघी राख बघायला वाकल्या.

उंबऱ्यापासून पलंगापर्यंत लहान पावलांची एक जोडी आत आलेली.

आणि पलंगापासून दाराकडे, शेजारी शेजारी, दोन जोड्या बाहेर गेलेल्या. एकाच मापाच्या. मग पलंगावरून भूक म्हणालं ते कोण?