सुपडूनानांचा विमानातला फोटो

मोतीबिंदूची पट्टी सुटली, कमलबाई शहाद्याहून कळसाडीला घरी आल्या आणि आधी भिंतीकडे पाहिलं. खिळ्याला चंदनाचा हार होता. फोटो नव्हता.

त्यांनी पोलिसांना नव्हे, हबीबला बोलावलं. शहाद्यातला हा फ्रेमवाला. कुणी बापाला बैठकीत टांगलं, कुणी माळ्यावर टाकलं, ही नोंद त्याच्या डोक्यात पक्की असे.

"हबीबभाऊ, डोया उघडा ते पहिले त्यास्नं तोंड देखानं व्हतं माले," बाई म्हणाल्या. "त्यास्ना एकच फोटो शे."

फ्रेम हबीबनेच केलेली, त्यामुळे फोटो त्याला लख्ख आठवत होता. कमलबाईंचे नवरे, वायुदलातले सुपडूनाना, नॅट या लढाऊ विमानाच्या उघड्या कॉकपिटमध्ये बोडक्याने बसलेले. विमानाच्या पोटाखाली तीन जॅक, चाकं जमिनीपासून वीतभर वर. एवढ्या फोटोवर सगळं गाव नानांना पायलट म्हणे. उद्या ग्रामपंचायत वेशीच्या कमानीवर 'वैमानिक सुपडू पाटील' हे नाव पक्कं करणार होती. त्याआधी नवापूरचे नवनीतभाई फोटो बघायला येणार होते. जुन्या लढाऊ विमानांचे फोटो जमवायचा त्यांना नाद. शेपटीवरचा नंबर वाचून ते विमानाची कुंडली मांडत.

हबीबने खोली न्याहाळली. कुलूप शाबूत. किल्ली बाहेरच्या कोनाड्यात. गल्लीतल्या शेळ्यांनाही ठाऊक. खिळ्याखालच्या फळीवर उदबत्तीची राख.

"फळी कधी पुसली होती, ताई?"

"दवाखानामा जावानी सकाये. धुईसन गयथी."

"आणि नंतर?"

"चार दिन घरले कुलूप."

कमानीला आपल्या आजोबांचं नाव हवं म्हणून गावातलाच जालमसिंग भांडत होता. हबीबने त्याला पारावर गाठलं.

"फोटो तुम्ही नेला?"

"तो म्हातारा घर लई जाईसन मी काय करसू? मन्हा घरमा मन्हाच म्हातारास्ले जागा नई."

"नानांपुढे कधी उदबत्ती लावली?"

"त्यानापुढे मी बिडी बी नई पेटाडसू."

नवनीतभाई फोनवर हसले. "मी चोरू कशाला? मोबाइलवर पाठवा म्हणून आठवडाभर मागे लागलोय. चुडामणभाऊ म्हणतात, पाठवता येत नाही."

चुडामण म्हणजे बाईंचा एकुलता एक मुलगा. शेतातल्या घरात राहायचा. आईला बघायला तो आला, तेव्हा हबीबने विचारलं, "चार दिवसांत इकडे आला होतात?"

"नई ना चाचा. दवाखाना आन् वावर. उंबरठा बी नई चढनू."

"संशय कुणावर?"

"जालमसिंगवर. दुसरा कोन?"

हबीब खाटेच्या कडेला टेकला. "ताई, चोराने हार उतरवला, फोटो काढला आणि हार परत खिळ्याला लावला. शिवाय धुतलेल्या फळीवर राख आहे. बंद घरात शिरून उदबत्ती लावतो कोण? नेण्याआधी ज्याला नानांची माफी मागावी लागते, तो. जालमसिंगला ती गरज नाही. नवनीतभाईंना मोबाइलवरचा फोटोही पुरला असता, आणि तोच चुडामणभाऊंनी दिला नाही."

"मन्हा पोर्‍या कशाले चोरी?"

"जॅकवर चढवलेलं विमान उडत नाही, दुरुस्त होतं. नाना आत बसले होते ते तपासायला. नवनीतभाईंनी हे एका नजरेत ओळखलं असतं. आणि सगळा तालुका यांना 'पायलटना चुडामण' म्हणून रामराम घालतो."

चुडामण उठला, मोटारसायकलवर गेला आणि गोणपाटात गुंडाळलेली फ्रेम घेऊन आला.

"कमान व्हयनी का परत लावनार व्हतू, माय."

बाईंनी फ्रेम डोळ्याजवळ धरली. "किती कवळा व्हतात हाई." काचेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "फिटर शे, हाई माले लगीननापहिलेच सांगेल व्हतं त्यास्नी."

"मंग तू कधी बोलनी का नई?"

"तुले मिरवाले आवडे. सकाये पंचायतमा तूच सांग, कमानवर फिटर लिखा म्हनीसन."

"जालमसिंग हासी."

"हासू दे. मी पुढलाच रांगमा बसनार शे. कोन कितला हासस, माले आते समदं दिखस."