एक वजन, दोन काटे

तराजूचा काटा स्थिरावण्याच्या बेतात होता, इतक्यात दार उघडले. आणि आत शिरलेल्या झुळकीने तिची सकाळभराची साधना उधळून लावली.

तिने मागे न पाहता नुसता हात वर केला. काचपेटीतल्या पारड्यात पितळेचे एक इवलेसे वजन होते. ते चिमट्यानेच उचलायचे, बोट लावायचे नाही, कारण बोटाच्या घामालाही भार असतो, अशी त्या खोलीची शिस्त. आगंतुकाला ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्याने एक चमत्कारिक गोष्ट केली. तो आल्या पावली बाहेर गेला, दार अलगद लावून घेतले, आणि मग बाहेरून टकटक केली.

"आता विचारून काय उपयोग?" ती म्हणाली.

"काही नाही... पुढच्या वेळची सवय लावून घेतोय," दारापलीकडून आवाज आला.

तेव्हा कुठे तिने मान वळवली. काचेच्या दारापलीकडे पावसाच्या भुरभुरीने खांदे ओलावलेला एक तरुण, खांद्याला पिशवी अडकवून, शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखा उभा होता. काटा पुन्हा स्थिर होईपर्यंत तो तसाच उभा राहिला. या खोलीत इतका वेळ कोणी थांबल्याचे तिच्या स्मरणात नव्हते.

तो जुना सर्व्हर शोधत आला होता. तराजू बनवणाऱ्या त्या कारखान्यात दिवसभर एकसारखा गारवा राखलेली जागा एकच, ती म्हणजे तिची तपासणीची खोली. म्हणून फार पूर्वी कोणीतरी तो लोखंडी ठोकळा तिच्या खोलीमागच्या कोठडीत नेऊन बसवला होता. साऱ्या कार्यालयाचे ईमेल त्याच्या उदरात नांदत. आता त्याला वार्धक्य आले होते. भर कामाच्या वेळी तो डुलक्या घेई. म्हणून मोठ्या साहेबांनी सर्वांच्या टपालपेट्या एका नव्या सर्व्हरवर हलवण्याचे काम बाहेरच्या एका कंपनीला दिले, आणि त्या कंपनीने हा माणूस धाडला. कोठडीची वाट तिच्या खोलीतूनच जात होती. विधात्याला कधी कधी फार खटाटोप करावा लागत नाही.

लोकांना नावे ठेवण्यात हिशेबनीसकाकांचा हात धरणारा कोणी नव्हता. दुपारच्या चहापर्यंत त्यांनी पाहुण्याचे 'टपालमास्तर' करून टाकले. तिला प्रत्येक गोष्टीचे कारण विचारण्याची खोड, म्हणून 'शंकादेवी' हे नावही त्यांचेच दान.

आणि आता तर शंकादेवीला शंकांची खाणच सापडली. टपालमास्तर एकेकाच्या मेजापाशी जाई, त्याची पेटी नव्या घरी नेई, आणि त्या माणसाकडून पासवर्ड टंकून घेताना मात्र न चुकता पाठ फिरवून खिडकीबाहेर पाही. हिशेबनीसकाका आपला पासवर्ड मोठ्याने उच्चारल्याशिवाय टंकू शकत नसत. तेव्हा तो त्या खिडकीपाशी काहीतरी गुणगुणू लागला. आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून! हे पाहून ती तोंडाला पदर लावून हसली, आणि मग आपण का हसलो याचे कारण तिला बराच वेळ सापडले नाही.

एकदा वजन तोलून होईपर्यंत तो कोठडीच्या दारात श्वास रोखून थांबला असता तिने विचारलेच.

"सगळ्या कार्यालयाची पत्रं तुमच्या हातून जातात. एकही वाचावंसं वाटत नाही?"

"घर बदलताना सामान उचलणारा माणूस पेट्या उघडून बघत नाही," तो म्हणाला. "कोणती किती जड, तेवढंच त्याला कळतं."

"मग सगळ्यांत जड कोणाची?"

"तुमची."

तिच्या हातातला चिमटा थबकला. प्रत्येक तराजूच्या तपासणीची छायाचित्रे ती गिऱ्हाइकांना पाठवी, आणि जुने काही म्हणून पुसून टाकत नसे. पेटी जड असणारच. तरीही त्या एका शब्दाने तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"जड आहे म्हटल्यावर आत काय आहे, असं मनात आलं नाही?"

"आलं की," तो हलकेच म्हणाला. "पण मनात येणं माझ्या हातात कुठे असतं? न उघडणं... तेवढं असतं."

त्याने पहिल्या प्रयोगासाठी तिचीच पेटी निवडली होती. रीत अशी की, नव्या सर्व्हरवर पेटी उघडायची, जुन्या सर्व्हरने येणारे प्रत्येक पत्र नव्याकडे पुढे पाठवायचे, मागचा साठा हळूहळू वाहून न्यायचा. आणि साठा संपला की जुनी पेटी ताबडतोब बंद करायची. इतरांच्या पेट्या उरकत गेल्या, पण तिची काही सरेना. रोज सकाळी तो टकटक करून येई, पडद्याकडे गंभीर मुद्रेने पाही, आणि अजून थोडे राहिले असे सांगे. तीही दुसरे काही ऐकायला उत्सुक नव्हती.

घरी हे कोणाच्या ध्यानात आले असेल तर ते वहिनीच्या. दादा वर्तमानपत्रात बुडालेला असे; वहिनीला मात्र ताटात काय उरले यावरून माणसाच्या मनात काय उरले ते समजे. भांडी विसळता विसळता तिने टपालमास्तरची सारी हकीकत काढून घेतली. तो कुठला, त्याच्या घरी कोण, काम संपल्यावर तो कुठे जाणार. शेवटच्या प्रश्नाला नणंदेने दुसऱ्या गावी असे उत्तर दिले आणि तीच बशी पुन्हा पुसायला घेतली.

"इतक्या शंका विचारतेस जगाला," वहिनी म्हणाली, "एक स्वतःला विचार. तो गेल्यावर त्या दाराकडे बघवेल का तुला?"

त्या प्रश्नाने तिची झोप उडवली, आणि सकाळी तिने आपल्या स्वभावाप्रमाणे मन दुसऱ्या एका शंकेत गुंतवले. तराजूच्या धंद्यात नव्या काट्यावर कोणी आंधळा विश्वास ठेवत नाही. एकच वजन आधी जुन्या काट्यावर तोलायचे, मग नव्यावर. दोन्हीकडे सारखे भरले तरच नवा काटा खरा. टपालाला हा न्याय का लावू नये? नव्या पेटीत आलेले प्रत्येक पत्र जुन्या पेटीतही पोचावे, म्हणजे ताडून पाहता येईल. तिने नव्या पेटीची व्यवस्था धुंडाळली, प्रत परत पाठवण्याची सोय शोधून काढली, आणि आपल्या कर्तव्यदक्षतेवर प्रसन्न होऊन ती कामाला लागली.

मग हिशेबनीसकाकांनी तिला एक साधे पत्र पाठवले. जुन्या सर्व्हरने ते नव्याकडे दिले. नव्याने त्याची प्रत जुन्याकडे दिली. जुन्याने ती इमानाने पुन्हा नव्याकडे दिली... घाण्याच्या बैलासारखे ते पत्र फिरत राहिले, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरे, तिसरे. मध्यान्हीपर्यंत दोन्ही सर्व्हर गुदमरले. नेमके त्याच दिवशी एका मोठ्या गिऱ्हाइकाला तपासणीचे दाखले धाडायचे होते. ते अडकले, आणि मोठ्या साहेबांचा आवाज तीन खोल्या ओलांडून तिच्यापर्यंत आला.

ती दारापाशी पोचली तेव्हा आत टपालमास्तर मान खाली घालून उभा होता. साहेब त्याला विचारत होते, चूक कोणाची.

"माझी," तो म्हणाला. "एक जुनी पेटी केव्हाच बंद करायला हवी होती. मी ती उघडी ठेवली."

"का ठेवली?"

त्याने उत्तर दिले नाही. ते मौन साहेबांना उद्धटपणाचे वाटले असावे. त्यांनी तिथल्या तिथे त्याच्या कंपनीला दूरध्वनी केला, आणि हा माणूस आजच परत बोलवा, उद्या दुसरा पाठवा, असे ठणकावून सांगितले.

तो कोठडीत गेला. ती मागोमाग गेली. फिरते पत्र त्याने थोपवले होते. दाखले एकेक करून बाहेर पडू लागले होते. आता तो आपल्या तारा गुंडाळत होता.

"कोणाची पेटी होती?" तिने विचारले, पण तोवर तिला उमगले होते. एक वजन, दोन काटे. "माझी ना? मीच प्रती परत पाठवत होते. तुम्हाला कळलं होतं?"

"लगेच."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

"कोणाच्या पेटीत काय चाललंय ते बाहेर सांगायचं नसतं. ते एक झालं."

"आणि दुसरं?"

तो तारेचा वेढा उलगडून पुन्हा घालू लागला. ती थांबली नाही. सरळ साहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सारे सांगून टाकले. नव्या काट्याची परीक्षा, परत धाडलेल्या प्रती, सगळे. साहेब स्वतः कानशीने तराजूच्या दांड्या घासत वर आलेले कारागीर होते. ते ऐकत गेले, आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू भलत्याच दिशेने वळू लागली.

"मग?" त्यांनी अखेर विचारले. "दोन्हीकडे सारखं भरलं का?"

"भरलं, साहेब. फार वेळा भरलं."

साहेब हसले. मग त्यांनी तिला रीतसर रागावण्याचे कर्तव्यही पार पाडले, कारण यंत्र आपले नसेल तर त्याच्या मालकाला विचारावे, हे खरेच होते. त्यानंतर त्यांनी पुन्हा दूरध्वनी उचलला आणि मघाचे बोलणे मागे घेतले. काम याच माणसाने पुरे करावे; राहिले तरी काय होते, उद्या जुना सर्व्हर बंद केला की झाले.

ही वार्ता घेऊन ती कोठडीशी परतली, पण दारात आल्यावर तिची पावले जड झाली. उद्या झाले. म्हणजे परवा तो नाहीच. आज गेला असता, परवा जाईल. एवढ्यासाठी का तिने इतका आटापिटा केला?

तिने त्याला साहेबांचा निरोप सांगितला. त्याने आभार मानले. सर्व्हरचा पंखा तेवढा घरघरत होता.

"मी नेहमी विचारत असते," ती म्हणाली. तिचा स्वर तिलाच परका वाटला. "आज काही विचारत नाही, सांगते. तुम्ही जाऊ नये, असं मला वाटतं. कामासाठी नाही... काम संपलंय. तसंच वाटतं."

त्याने हातातली तार खाली ठेवली.

"दुसरं कारण राहिलं सांगायचं," तो म्हणाला. "तुमची पेटी पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत हलवून झाली होती."

"पण तुम्ही तर रोज म्हणत होता..."

"जड आहे म्हणत होतो. होतीच. पण इतकी नव्हती." त्याच्या कानांवर लाली चढली होती. "ती बंद केली असती तर या खोलीतून रोज यायला मला काय निमित्त होतं? साहेबांनी विचारलं, का उघडी ठेवली. हे त्यांना कसं सांगणार होतो?"

तिला हसू आले, आणि डोळेही भरून आले. म्हणजे चूक एकट्या तिची नव्हती. जुने दार त्याने उघडे ठेवले म्हणूनच तिची पत्रे त्यातून परत फिरू शकली होती. दोन शहाण्यांनी मिळून एका कार्यालयाचे टपाल बुडवले होते.

"अशी लबाडी याआधी किती ठिकाणी केलीत?" तिने दरडावून विचारले.

"आयुष्यात पहिल्यांदा. म्हणून तर पकडला गेलो." मग तो गंभीर झाला. "माझं पुढचं गाव फार लांब नाही. सुट्टीच्या दिवशी येता येईल. पण असं चोरून निमित्त काढून नाही यायचं मला. तुमच्या घरी कोणाशी बोलावं लागेल?"

"दादाशी बोललात तर तो हो म्हणेल आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडेल. खरी गाठ वहिनीशी आहे. ती माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारते."

"कधी येऊ?"

तिने पदर सावरला. बाहेर भुरभुर चालूच होती आणि कार्यालय सुटण्याची वेळ झाली होती. हिशेबनीसकाका काहीही कारण नसताना तिच्या दारावरून पुन्हा एकदा गेले.

"वहिनीने सकाळीच विचारलं होतं, आज कोणाला घेऊन येणार आहेस का," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं होतं. चला... माझं ते उत्तर एकदा तरी चुकीचं ठरू दे."