पडद्याआडची मोडी

आत्याच्या मांडीवरची तपकिरीची डबी घरंगळली नसती, तर विनोदिनीचं लग्न ठरल्या जागी मुकाट्यानं झालं असतं.

देवासच्या मिशन हॉलात त्या शनिवारी संध्याकाळी पाद्रीसाहेबांचं पहिलं व्याख्यान होतं. साहेबांनी गावाला शब्द दिला होता, की सहा शनिवार फक्त जगात काय चाललंय ते सांगेन, बाप्तिस्म्याचं नावही काढणार नाही. म्हणून तर रस्त्याच्या अलीकडची थोरली पाती आणि पलीकडची धाकटी पाती, दोन्ही राज्यांतली मानकरी मंडळी कधी नव्हे ती एका छपराखाली बसली होती. बायका एका कडेला, बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआड. साहेब इंग्रजीत बोलत आणि धारहून इथल्या शाळेत आलेले भगवंत मास्तर ते मराठीत सांगत.

नर्मदाबाई आत्यांना तिसऱ्याच वाक्याला डुलकी लागली. डबी पडली ती पडद्याखालून थेट मास्तरांच्या पायाशी! मास्तर वाकले, डबी आत सरकवली. घ्यायला एक हात पुढे आला. हात नाजूक, पण अंगठा आणि तर्जनी शाईनं काळी...

"गुलामगिरी म्हणजे..." मास्तर म्हणाले आणि पुढचं साफ विसरले. हॉल हसला. विनोदिनीही हसली. तिला आतून सगळं दिसत होतं: त्यांचे लाल झालेले कान, कपाळावर आलेली बट, पडद्याकडे चोरून टाकलेली नजर. पडद्याचा हाच तर फायदा. ज्यांच्यासाठी तो बांधतात त्यांनाच बाहेरचं सगळं दिसतं.

व्याख्यानानंतर शंका विचारायची मुभा होती. बायकांनी तोंड उघडायचं नाही म्हणून पडद्यापाशी एक तबक ठेवलेलं, त्यात चिठ्ठी टाकायची आणि मास्तर ती वाचून दाखवणार. पहिल्या शनिवारी तबकात एकच चिठ्ठी आली. मास्तरांनी उघडली आणि भुवया उंचावल्या. मग खणखणीत आवाजात वाचलं, "साहेब दोन वाक्यं बोलले. मराठीत ती पाच कशी झाली?"

पुन्हा हशा. मास्तरांनी पडद्याकडे वळून हात जोडले. "तीन माझ्या पदरची," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला मोजून बोलेन."

पण कसले मोजतात! दर शनिवारी तबकात चिठ्ठी आणि दर चिठ्ठीला मास्तरांचं लांबलचक उत्तर. जपान-रशियाच्या लढाईवर बोलून झालं, गिरण्यांतल्या मजुरांवर झालं. विनोदिनी आठवडाभर प्रश्न घोळवायची आणि शनिवारी सकाळपासून तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. आत्या म्हणायच्या, पोरीला विद्येची फारच ओढ लागली हो.

एका मंगळवारी माताजीच्या टेकरीवर त्यांची गाठ पडली. खाली गावाभोवती अफूची शेतं पांढरीशुभ्र फुलली होती. आत्या अर्ध्या पायऱ्यांवर दम खायला बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले. झोपल्या की नुसतेच मिटले, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"बोटांची शाई लपवत नाही तुम्ही," वरून उतरणारे मास्तर थांबून म्हणाले.

"का लपवू? चोरीची थोडीच आहे?"

"मोडी कुणी शिकवली?"

विनोदिनीनं आधी आत्यांकडे वळून पाहिलं. मोडी ही कचेरीची लिपी, पुरुषांची. बायकांनी फार तर बाळबोध गिरवावी, पोथीपुरती. तिनं हळूहळू सांगितलं. आबासाहेबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, मल्हाररावांचा उजवा हात तीन वर्षांपूर्वी लकव्यानं गेला. मग त्यांनीच तिला मोडी शिकवली, आणि तेव्हापासून त्यांचे सारे कागद तीच लिहिते. बाहेर मात्र सगळ्यांना वाटतं, घरात कुणी कारकून आहे.

"कुणाला सांगू नका. त्यांची मान खाली जाईल."

"दिलं वचन," ते म्हणाले. "बदल्यात काय?"

"शनिवारी चिठ्ठी."

"एकच...?"

"लोभ वाईट, मास्तर. परवा तुम्हीच तर सांगितलंत, मराठीत."

ती वळून पायऱ्या उतरली. मागे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि चार पायऱ्यांनंतर पाहिलंच. आपण या माणसावर जीव लावून बसलो आहोत हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि भीतीही वाटली. कारण मानसिंगरावांच्या थोरल्या मुलाशी तिची सोयरीक जवळजवळ पक्की होती. मुलगा वाईट नव्हता. त्याला कधी काही विचारावं, असं तिला वाटलंच नव्हतं, एवढंच.

शेवटच्या शनिवारचा विषय होता चीन आणि अफू. हॉल तुडुंब भरला. मानसिंगराव अफूचे मोठे व्यापारी, ते पहिल्या रांगेत, शेजारी आबासाहेब. चीनमधली घरं अफूनं कशी उजाडली ते साहेबांनी सांगितलं. मास्तरांनी आज एकही शब्द पदरचा घातला नाही. मग तबकातली चिठ्ठी उचलली, आधी मनातल्या मनात वाचली. मग मोठ्यानं वाचली.

"साहेब म्हणतात ते खरं, अफू पाजणं पाप. आमचं घर त्याच अफूवर चालतं, तेही खरं. पण चीननं नको म्हटलं तेव्हा तोफा कुणी डागल्या? आणि आमच्या शेतकऱ्यानं उद्या अफू सोडली, तर त्याच्या पोटाचं काय?"

मानसिंगराव ताडकन उठले, त्यांनी चिठ्ठी मास्तरांच्या हातातून ओढून घेतली आणि पाहून कडवट हसले.

"मोडी आहे ही. दरबारी वळणाची. कुठल्या बाईला येते मोडी? हा मास्तर आपलं विष आपल्या आयाबहिणींच्या नावावर खपवतोय." त्यांनी चिठ्ठी आबासाहेबांपुढे धरली. "बघा मल्हारराव. अशा माणसाला शाळेत ठेवायचं? पंगतीला घ्यायचं?"

आबासाहेबांनी चिठ्ठी पाहिली. विनोदिनी कामट्यांजवळ सरकली. ते अक्षर ते ओळखणार नाहीत तर कोण? त्यांनी ती बराच वेळ पाहिली. चेहरा पांढरा पडला, पण ते बोलले नाहीत.

"चिठ्ठ्या मीच लिहिल्या," भगवंत मास्तर शांतपणे म्हणाले. "बायकांचा काही दोष नाही."

सरळसरळ खोटं! तिला दिलेल्या वचनापायी हा माणूस नोकरी आणि जात दोन्ही घालवायला निघाला होता. आबा गप्प, मास्तर खोटे, आणि आपण कामट्यांमागे सुखरूप. विनोदिनीला स्वतःचा असा संताप आला, की आत्यांनी पदर धरला तोही तिला कळला नाही. तिनं पडदा बाजूला सारला आणि ती बाहेर आली.

"मास्तर खोटं बोलतात. चिठ्ठ्या माझ्या आहेत."

"पोरी, आत जा," मानसिंगराव म्हणाले. "त्याला वाचवायला काहीही बोलू नकोस."

ती आत गेली नाही. टेबलापाशी गेली, साहेबांच्या दौतीत टाक बुडवला आणि सगळ्यांदेखत लिहू लागली. मोडीचं वळण कुठं बिघडलं नाही. कागद तिनं मास्तरांपुढे केला.

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली. "मल्हाररावांची लेक विनोदिनी हिचं हे अक्षर. माझ्या प्रश्नाला उत्तर अजून मिळालेलं नाही. आणि धारच्या मास्तरांना..." ते थांबले. कान पुन्हा लाल झाले.

"वाचा," आबासाहेब पहिल्यांदाच बोलले. "अर्धवट कागद मला चालत नाही."

"...मास्तरांना मला मागणी घालायची असेल, तर कुणाच्या परवानगीची वाट पाहू नये. माझी आहे."

कुणीतरी 'अरे देवा' म्हटलं. मानसिंगरावांनी पगडी सावरली, ही सोयरीक मोडली असं मोठ्यानं जाहीर केलं आणि आपली माणसं घेऊन निघून गेले. निम्मा हॉल रिकामा झाला. साहेबांना एवढ्या गलक्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. ते उठले आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "तोफा आमच्या. मला लाज वाटते. शेतकऱ्याचं उत्तर मला येत नाही."

विनोदिनीनं मान लववली. सहा शनिवारांत इतकं खरं उत्तर तिला मिळालं नव्हतं. मग तिनं मास्तरांकडे पाहिलं. मध्ये पडदा नाही, कामट्या नाहीत. तिच्या डोळ्यांत आता पाणी आलं होतं आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

"मल्हारराव," भगवंत मास्तर म्हणाले, "मी मागणी घालतो. नोकरी राहील की नाही सांगता येत नाही. पंगतही बहुधा सुटली."

आबासाहेब काठीवर भार देऊन सावकाश उठले. डाव्या हातानं त्यांनी लेकीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"तीन वर्षं माझा हात हिनं चालवला आणि मी घरात कारकून ठेवलाय म्हणून सांगत राहिलो," ते म्हणाले. "उद्या घरी या, मास्तर. दिवसाउजेडी या. आणि पुढच्या दारानं."